हंगामाच्या मध्यात बेअरिंग बदलायचं का? औसा तालुक्यातल्या एका हार्वेस्टरचं प्रकरण

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात प्रश्न असा होता : ऊसतोडणीचं हार्वेस्टर व्यवस्थित चालतंय, आवाज नाही, धूर नाही, ऑइल प्रेशरचा काटा जागेवर आहे. पुण्याच्या लॅबमधून आलेल्या ऑइलच्या रिपोर्टवर मात्र शिशाचा आकडा चढतोय. कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप बंद व्हायला, दीड महिना बाकी. मशीन थांबवून चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) खोलायचं, बेअरिंग बदलायचे, की हंगाम निघेल या भरवशावर चालवत राहायचं?

मशीन औसा तालुक्यातल्या दोन भावांचं आहे. इंजिन सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल, जुन्या धाटणीचा रोटरी पंप, चेंबरमध्ये १८ लिटर ऑइल. तिसरा हंगाम सुरू होता. हार्वेस्टर बंद पडलं तर काय होतं हे लातूर-धाराशिव भागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तोडणी मजुरांच्या टोळ्या आता पुरत नाहीत, ज्या येतात त्यांची खुशाली, म्हणजे वरचे पैसे, शेतकऱ्याच्या खिशातून जाते, आणि तुरा आलेला ऊस वावरात वाळत राहतो. मशीनवर बँकेचं कर्ज आहे आणि ते पाच महिन्यांच्या कमाईवर बारा महिने फेडायचं असतं. म्हणून "शंका आली की खोला" हा सल्ला इथे फुकटचा आहे, आणि "आवाज आल्यावर बघू" हा त्याहून महाग.

आधी बेअरिंगबद्दल थोडं, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्या थरांवर आहे. या इंजिनातल्या मेन (क्रँकला धरणाऱ्या) आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचे शेल, म्हणजे अर्धगोल वाट्या, तीन थरांचे आहेत. पाठ पोलादाची. तिच्यावर तांबं-शिशाचं अस्तर. त्यावर निकेलचा एक-दोन मायक्रॉनचा पडदा, आणि सगळ्यात वर शिसं-कथलाचा मऊ थर, साधारण १५ ते २५ मायक्रॉन जाड. क्रँकच्या जर्नलला, म्हणजे शेलमध्ये फिरणाऱ्या तिच्या गोल भागाला, रोज सामोरा जातो तो हा वरचा थर. कचऱ्याचा बारीक कण आला तर तो स्वतःत रुतवून घेतो, सुरुवातीच्या सेकंदात ऑइल पोचलेलं नसताना घासून घेतो. झिज वरून खाली होत असल्यामुळे ऑइलमध्ये धातूही त्याच क्रमाने दिसतात. आधी शिसं आणि थोडं कथील, मग कधीतरी निकेल, आणि थर संपून अस्तर उघडं पडलं की तांबं.

ऑइल प्रेशरचा काटा इथे का उपयोगी नाही, तेही यातूनच कळतं. ७० मिलिमीटरच्या जर्नलला शेलमध्ये मोकळीक असते साधारण व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ०.०७ मिलिमीटर. वरचा थर पूर्ण गेला तरी मोकळीक वाढते फक्त ०.०२ ने, आणि तीही भार पडणाऱ्या बाजूलाच. एवढ्याने पंपाचं प्रेशर हलत नाही. काटा खाली येतो तेव्हा तांब्याचं अस्तर खाल्लं गेलेलं असतं आणि बहुतेक वेळा क्रँकही लागलेली असते. मग प्रश्न बेअरिंगच्या सेटचा राहत नाही. क्रँक ग्राइंडिंगला जाते, अंडरसाइझ शेल शोधावे लागतात, आणि रॉडने ब्लॉक फोडला तर बोलायलाच नको.

वापरलेल्या ऑइलमधल्या धातूंवरून इंजिनाची प्रकृती ओळखायची ही पद्धत नवी नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने डिझेल लोकोसाठी ती वापरायला घेतली, पुढे लष्करी विमानांत रुळली, आणि आपल्याकडे रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही वर्षानुवर्षं लोकोचं ऑइल असं तपासलं जातं. शेतीच्या मशिनपर्यंत ती यायला वेळ लागला याचं कारण खर्च नाही. एक साधी तपासणी दीड-दोन हजारांत होते, एका वेळच्या ऑइलच्या किमतीपुढे ते काहीच नाही. कारण हे की आलेला कागद वाचणारं कुणी नसतं.

या भावांनीही आधी नमुना पाठवला होता, तो धुतलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. त्यात काय काय निघालं ते सोडून देऊ. नंतर पद्धत लावली : इंजिन गरम असताना, बंद केल्यावर लगेच, डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने, चेंबरच्या तळातला गाळ न ओढता, लॅबने दिलेल्या कोऱ्या बाटलीत. बाटलीवर इंजिनाचे तास, ऑइलचे तास आणि मधे टाकलेलं ऑइल लिहायचं. ही तिसरी नोंद लोक गाळतात, आणि या प्रकरणात तीच सगळ्यात बोलकी ठरली.

आकडे असे होते. धातू पीपीएममध्ये, म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम. घट्टपणा (व्हिस्कॉसिटी) १०० अंशांना, सेंटिस्टोकमध्ये.

| इंजिनाचे तास | ऑइलचे तास | लोखंड | शिसं | कथील | तांबं | सिलिकॉन | घट्टपणा |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ३१७० | २५० | २८ | ६ | २ | ९ | ११ | १४.४ |
| ३४२० | २५० | ३४ | ९ | २ | ११ | १४ | १४.२ |
| ३६७० | २५० | ४१ | २१ | ३ | १३ | २७ | १२.९ |
| ३७९० | १२० | ३० | १९ | ३ | ८ | १९ | ११.८ |

पहिली ओळ मागच्या हंगामाच्या शेवटची, बाकी तीन या हंगामातल्या. तिसऱ्या ओळीचा रिपोर्ट जानेवारीच्या सुरुवातीला आला आणि त्यावर लॅबने हिरवा शिक्का मारला होता. लॅबची चूक नाही. त्यांच्याकडे त्या प्रकारच्या सगळ्या इंजिनांसाठी एक ठोकळ मर्यादा असते, शिशासाठी ती ३० होती, आणि २१ त्याच्या आत बसतं. पण हेच इंजिन महिन्यापूर्वी त्याच तासांना ९ दाखवत होतं. ठोकळ मर्यादा इंजिनाचा स्वभाव ओळखत नाही. मला विचाराल तर एकट्या रिपोर्टवर बेअरिंगबद्दल मत देणाऱ्यापासून लांब राहावं. तीन रिपोर्ट हातात नसतील तर त्या आकड्यांवरून एवढंच कळतं की इंजिनात धातू आहे.

म्हणून पुढचा नमुना २५० तासांची वाट न पाहता १२० तासांनाच घेतला. त्यात शिसं १९ आलं. धाकट्या भावाने फोनवर सांगितलं, "दोननं उतरलंय की!" उतरलं नव्हतं. निम्म्याहून कमी तासांत १९ झालं होतं.

ताशी हिशेब करताना एक बारकावा पाळावा लागतो. ऑइल बदललं तरी कूलर, गॅलरी (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटा) आणि फिल्टरच्या बैठकीत साधारण दहा टक्के जुनं ऑइल राहतं. म्हणजे मागच्या २१ मधले दोन पीपीएम नव्या ऑइलमध्ये पहिल्या मिनिटापासून असतात. कमी तासांच्या नमुन्यात ते वजा केले नाहीत तर चित्र आहे त्याहून भयानक दिसतं. वजा करून शंभर तासांमागे शिसं येतं : डिसेंबरच्या सुरुवातीला साडेतीन, जानेवारीच्या सुरुवातीला आठ, आणि आता चौदा. लोखंडही साडेबारावरून पंधरा आणि मग साडेएकवीस. तांबं मात्र चार, पावणेपाच, साडेपाच. चढतंय, पण शिशाच्या मागे-मागे रेंगाळत.

याचा अर्थ वरचा थर वेगाने जातोय, अस्तर अजून बहुतेक झाकलेलं आहे, आणि क्रँक वाचलेली असण्याची शक्यता मोठी आहे. बेअरिंग बदलायचेच असतील तर स्वस्तात बदलायची वेळ हीच.

पण बदलायच्या आधी विचारायला हवं की थर जातोय कशाने. हा प्रश्न सोडून नवे शेल टाकले तर नवे शेलही त्याच वाटेने जातात. गॅरेजांमधून हे इतक्या वेळा बघायला मिळतं की त्याचं नवल वाटत नाही.

सगळ्यांनी बोट दाखवलं धुळीकडे. साहजिकच होतं. काळ्या मातीच्या वावरात, पाचटाच्या धुरळ्यात मशीन दिवसभर फिरतं, आणि सिलिकॉन १४ वरून २७ झालं होतं. सिलिकॉन एकटं वाढलं असतं तर गॅस्केटच्या सिलिकॉन पेस्टवर संशय घेता आला असता, पण सोबत ॲल्युमिनियम ७ वरून ११ झालं होतं आणि क्रोमियमही दुप्पट. माती म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिना. ती हवेवाटे आत गेली की आधी लायनर आणि रिंगा खाते, म्हणून लोखंड आणि क्रोमियम. शोधल्यावर एअर क्लीनर आणि टर्बोच्या मधला रबरी पाइप क्लँपखाली चिरलेला सापडला. वरून दिसत नव्हता. तो त्याच संध्याकाळी बदलला.

धुळीने लोखंड आणि सिलिकॉनचा खुलासा झाला. शिशाचा अर्धाच झाला. घट्टपणाचा तर झालाच नाही. १५डब्ल्यू-४० ऑइलचा १०० अंशांना घट्टपणा १२.५ ते १६.३ मध्ये राहायला हवा. इथे तो १२० तासांत ११.८ वर आला होता. धूळ ऑइल पातळ करत नाही. काजळी तर घट्ट करते. पातळ करतं डिझेल.

आणि इथे ती तिसरी नोंद कामाला आली. मागच्या वर्षी दर २५० तासांत लिटर-दीड लिटर ऑइल टाकावं लागायचं. यंदा रकाना कोरा. थोरल्या भावाने तर हे कौतुकाने सांगितलं होतं : "यंदा इंजिन ऑइलच खायना गेलंय, साहेब." तीन हजार तास झालेलं, धूळ खाल्लेलं इंजिन अचानक ऑइल प्यायचं थांबत नाही. पातळी उतरत नव्हती कारण वरून डिझेल पडत होतं.

त्यांच्या मिस्त्रींना याचा वास लॅबच्या आधी आला होता, अक्षरशः. त्यांनी डिपस्टिक हुंगली, वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब टाकला आणि ठेवून दिला. काळ्या ठिपक्याभोवती फिकट, तेलकट कडं पसरलं. नंतर लॅबने फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे ऑइलची वाफ कितव्या अंशाला पेट घेते त्यावरून, डिझेलचं प्रमाण सुमारे पाच टक्के सांगितलं, म्हणजे १८ लिटरमध्ये जवळपास लिटरभर. वर्तमानपत्राने टक्केवारी सांगितली नसती, पण निदान तेच केलं होतं आणि रुपया न घेता. रोटरी पंप उतरवला तेव्हा शाफ्टचं ऑइल सील कडक होऊन गेलेलं होतं. डिझेल तिथून सरळ टायमिंग केसमध्ये आणि तिथून चेंबरमध्ये.

रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये जात असेल तरी शिसं वाढतं, कारण कूलंटमधल्या ग्लायकॉलची आम्लं वरचा थर खातात. पण सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही जागच्या जागी होते, तेव्हा हेड गॅस्केटचा विषय तिथेच मिटला. ऑइलचा टीबीएन, म्हणजे आम्ल मारायची ताकद, निम्म्याच्या वर होता, म्हणजे ऑइल आंबून शिसं खातंय असंही नाही.

आता हाताशी तीन वाटा होत्या. पहिली, सील आणि पाइप बदललेच आहेत, नवं ऑइल टाकून पट्टा पडेपर्यंत चालवायचं. दुसरी, मशीन लगेच वर्कशॉपला नेऊन इंजिन उतरवून पूर्ण काम करायचं, म्हणजे हंगाम गेला असंच धरायचं. तिसरी, नवं ऑइल टाकून साठ-सत्तर तास चालवायचं, पुन्हा नमुना घ्यायचा, आणि फरक पडला नाही तर मशीनवरच चेंबर खाली घेऊन फक्त शेल बदलायचे. मिस्त्री पहिल्याच्या बाजूने होते. "आवाज नाही, काही नाही, कशाला उघडायलाव? चालू द्या की पट्टा पडेपर्यंत."

मी तिसऱ्याच्या बाजूने होतो, आणि त्याचं एक कारण कागदावर केलेला एक ढोबळ हिशेब होतं. रॉडच्या अर्ध्या शेलचं आतलं क्षेत्रफळ या मापात साधारण ३० चौरस सेंटिमीटर. त्यावर २० मायक्रॉनचा थर म्हणजे सुमारे ०.६ ग्रॅम शिसं. चेंबरमधलं ऑइल जवळपास १६ किलो. म्हणजे एका अर्ध्या शेलचा अख्खा थर जर बारीक भुकटी होऊन ऑइलमध्ये आला तर शिसं वाढेल ३५ ते ४० पीपीएम. गेल्या दोन नमुन्यांत नेहमीच्या झिजेच्या वर आलेलं शिसं मिळून २५ पीपीएमच्या आसपास, म्हणजे ०.४ ग्रॅम. एका अर्ध्या शेलच्या थराच्या दोन तृतीयांश. ऐकायला थोडं वाटतं, कारण इंजिनात असे सव्वीस अर्धे शेल आहेत. पण झिज सगळीकडे सारखी वाटली जात नाही. रॉडमध्ये वरचा शेल भार घेतो, मेनमध्ये खालचा, आणि त्यातही मधला एक तृतीयांश पट्टा. त्या हिशेबाने दोन शेलचे भार घेणारे पट्टे पूर्ण उघडे पडलेले असू शकतात, किंवा सहा शेलचे तिसऱ्या भागाने झिजलेले असू शकतात. रिपोर्ट यातलं कोणतं ते सांगत नाही, सांगूही शकत नाही. सगळ्या शेलचं शिसं एकाच चेंबरमध्ये पडतं.

दुसरी मर्यादा आणखी मोठी आहे. स्पेक्ट्रोमीटरला साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट दिसतात. बेअरिंग घासून झिजत असेल तर भुकटी त्या मापाची असते आणि आकडा खरं बोलतो. पण थर थकून खपल्यांनी निघत असेल तर खपल्या फिल्टरमध्ये अडकतात आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. परदेशातल्या गाडीवाल्यांत बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०१३च्या एम३ मधल्या व्ही८ इंजिनावरून जो वाद वर्षानुवर्षं चालला त्याच्या मुळाशी हेच आहे : रिपोर्ट चांगला असताना काढलेले रॉड बेअरिंग तांब्यापर्यंत झिजलेले निघाल्याचे अनुभव लोकांनी मांडले, आणि मग बरेच जण रिपोर्ट न बघता ठरावीक किलोमीटरला शेल बदलून मोकळे होऊ लागले. शिवाय त्याच इंजिनात पुढे शेलच बिनशिशाचे आले. अशा शेलवर शिशाचा आकडा बघत बसलात तर तो कधीच वाढणार नाही, बेअरिंग गेलं तरी. नव्या पिढीच्या बऱ्याच इंजिनांत ॲल्युमिनियम-कथलाचे शेल असतात. म्हणून आपल्या इंजिनात कोणते शेल आहेत हे पार्ट नंबरवरून आधी विचारून घ्यावं, मग रिपोर्ट वाचायला बसावं.

या मर्यादेवरचा उपाय स्वस्त आहे : काढलेला फिल्टर कापून बघणं. कापताना करवत वापरायची नाही, तिचाच चुरा आत पडतो. डब्याची कड कापणारं कटर मिळतं. आतला कागद पिळून, डिझेलने धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि चुंबक फिरवायचं.

६५ तासांनी या हंगामातला चौथा नमुना आला. लोखंड १२, शिसं ९, तांबं ७, सिलिकॉन ६, घट्टपणा १४. राहिलेलं जुनं ऑइल वजा करून शंभर तासांमागे लोखंड पुन्हा चौदाच्या आत, म्हणजे जवळपास पूर्वीसारखं. धुळीचा आणि डिझेलचा बंदोबस्त झाला होता. शिसं चौदावरून अकरावर आलं, पण मूळच्या साडेतीनवर नाही. आणि तांबं साडेनऊ. सगळ्या हंगामात पहिल्यांदाच त्याने अशी उडी मारली होती.

मी या तांब्यावर फार भार टाकला नाही. ६५ तासांत अपेक्षेपेक्षा वाढ तीन पीपीएमची, आणि लॅबचा आकडा एक-दोनने इकडेतिकडे होतोच. त्याच बाटलीची तपासणी पुन्हा करून घेतली, सातच आलं. पण फिल्टरमध्ये चुंबकाला न चिकटणाऱ्या चमकदार चपट्या खपल्या होत्या, मोजक्याच, नखाने दाबल्या की वाकणाऱ्या. गरम इंजिनाचं आयडलिंगला प्रेशर डिसेंबरमध्ये १.४ बार होतं, डिझेल मिसळलं तेव्हा १.१, आणि नव्या ऑइलवर १.३. किमान मर्यादेच्या ते बरंच वर होतं, तेव्हा एकट्या काट्यावरून कुणी काही म्हटलं नसतं.

निर्णय शेवटी ज्या गोष्टीने झाला ती इंजिनातली नव्हती. कारखाना बॉयलरच्या साफसफाईसाठी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस बंद राहणार होता. तेवढे दिवस मशीन तसंही उभंच राहणार. तो बंद नसता तर मी पन्नास-पन्नास तासांनी नमुने घेत पुढे चालवण्याला होकार दिला असता, आणि मनात धाकधूक ठेवली असती. बंद होता, म्हणून खोललं.

शेल, रॉडचे नवे बोल्ट, चेंबरचं गॅस्केट, ऑइल आणि दोन फिल्टर आधीच लातूरहून आणून ठेवले. खोलून मग पार्ट शोधणं ही आपली जुनी खोड, त्यात दोनाचे पाच दिवस होतात. चेंबर काढायला फ्रेमचा एक आडवा पट्टा सोडावा लागला. रॉडचे शेल खालून निघाले, मेनचे क्रँकच्या ऑइलच्या भोकात पिन बसवून फिरवून काढले.

दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या रॉडच्या वरच्या शेलवर भार घेणारा पट्टा उघडा पडलेला होता. पाचव्या-सहाव्यावर नाण्याएवढं तांबं दिसत होतं आणि त्याच्या भोवती निकेलची चंदेरी कड. तिसऱ्या रॉडच्या शेलवर कडेला थराची एक खपली निघाली होती. फिल्टरमधला माल तिथला. हा शेल बाकी पृष्ठभागावर चांगला होता आणि त्याच्याबद्दल रिपोर्टने एक अक्षर सांगितलं नसतं. मेनचे खालचे शेल गुळगुळीत झालेले, चौथ्यावर धुळीचे ओरखडे. पहिल्या आणि चौथ्या रॉडचे शेल आणखी एक हंगाम सहज गेले असते. तेही बदललेच, कारण एवढं खोलून जुना शेल परत बसवण्यात शहाणपण नाही. रॉडचे जर्नल मायक्रोमीटरने मोजले, सगळे स्टँडर्ड मापात. क्रँकला हात लावावा लागला नाही. प्लास्टिगेजने (दाबून किती पसरते त्यावरून मोकळीक दाखवणारी मऊ तार) मोकळीक तपासली, बोल्ट टॉर्कने आवळले, आणि सुरू करण्याआधी इंजिन नुसतं फिरवून प्रेशर चढवून घेतलं, कारण कोरड्या गॅलरीवर इंजिन सुरू केलं की नव्या शेलचं पहिलं मिनिटच सगळ्यात वाईट जातं.

खर्च सगळा धरून लाखाच्या आत राहिला, आणि मशीन कारखान्यापेक्षा एक दिवस उशिरा सुरू झालं. रॉड सुटला असता तर क्रँक, रॉड, कदाचित ब्लॉक, आणि फेब्रुवारी-मार्चची उरलेली सगळी कमाई. ही तुलना कागदावर एकतर्फी दिसते, पण तिच्यात एक गृहीत दडलेलं आहे की बेअरिंग गेलंच असतं. मिस्त्री ते मानत नाहीत. काढलेले शेल हातात घेऊन त्यांनी सांगितलं की तांबं दिसलं म्हणजे बेअरिंग संपलं असं नाही, स्वच्छ ऑइलवर तांब्या-शिशाचं अस्तर बरंच चालतं. हे खरं आहे. उरलेल्या साडेतीनशे तासांत त्याच गतीने एका अर्ध्या शेलच्या अख्ख्या थराएवढं आणखी शिसं गेलं असतं, आणि पुन्हा धूळ किंवा डिझेल आत आलं नसतं तर मशीन पट्ट्यापर्यंत पोचलंही असतं. पोचलं असतं की नाही हे आता सिद्ध करता येणार नाही. मला तो धोका दोन फुकट दिवसांपुढे मोठा वाटला, त्यांना वाटला नाही.

नव्या शेलवर पहिल्या पन्नास तासांच्या नमुन्यात शिसं १४ आलं आणि धाकट्या भावाचा फोन आला. नवे शेल बसताना थोडं शिसं सोडतातच, त्या आकड्यावर काही ठरवायचं नसतं. ते ऑइल लवकर काढून टाकलं. मार्चमध्ये पट्टा पडताना पूर्ण २५० तासांच्या ऑइलचा नमुना घेतला : शिसं ८, कथील २, लोखंड ३१, घट्टपणा १४.१, आणि मधे सव्वा लिटर ऑइल टाकावं लागलं. इंजिन पुन्हा ऑइल खायला लागलं, ही यंदाची चांगली बातमी.

तांबं मात्र १६ आलं. शिसं आणि कथील जागेवर असताना तांबं एकटं वर असेल तर ते बेअरिंगचं नसतं. ऑइल कूलरच्या नळ्या, टर्बोचे बुश किंवा पिस्टन पिनचे बुश, यांपैकी कुठलं तरी. म्हणजे चौथ्या नमुन्यातल्या ज्या तांब्याने आमचा संशय वाढवला, त्यातलं काही तांबं शेलचं आणि काही दुसरीकडचं असणार. पावसाळ्यात मशीन शेडमध्ये आलं की आधी कूलरची प्रेशर टेस्ट करायची आणि टर्बोच्या शाफ्टची हालचाल डायल गेजने मोजायची असं ठरलंय. पिस्टन पिनला हात लावायचा तर हेड उतरवावं लागेल, आणि त्यासाठी पुढच्या हंगामाच्या पहिल्या नमुन्याची वाट बघणार आहोत.